मेलबर्नला मी बोडक्या डोक्याने उतरलो

नातवंडांना घेऊन दूरदेशी विमानाने जाऊ इच्छिणाऱ्या आजी-आजोबांसाठी हा वृत्तांत लिहीत आहे. माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंत झाले आहे. परंतु ती त्या काळची चौथी होती, तरी वाचकांनी निश्चिंत असावे.

आष्ट्याजवळ आमचा ऊस आहे. मुलगा संजय नोकरीनिमित्त मेलबर्न येथे असतो. सूनबाई सुप्रिया, पाच वर्षांचा आदित्य व दीड वर्षांची चिमी यांनी त्याच्याकडे जाण्याचे ठरले. एकट्या सूनबाईने दोन मुलांसह एवढा प्रवास करावा हे मला पटेना. "सोबत मी जाईन," असे मी जाहीर केले.

"तुमी सोबतीला," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "मग तुमच्या सोबतीला कोन? मी बी येते."

पेठ नाक्यावर आम्ही महामार्गास लागलो. मलकापूर-कराड परिसरात वाहनांची दाटी असते, हे ध्यानात ठेवून वेळ राखून निघावे. साताऱ्यात आमचे व्याही, म्हणजे सूनबाईंचे वडील, राहतात. त्यांच्याकडे जेवणास थांबणे भाग होते. वांग्याचे भरीत उत्तम होते. व्याह्यांचे बोलणे त्याहून तिखट होते.

"पाव्हणं, इमानात पटका कशाला? टोपी घाला, सुटसुटीत."

"मुलाच्या दारात मी पटक्यानेच उभा राहीन," मी सांगितले. आमच्याकडे पटका म्हणजे केवळ कापड नव्हे. मोठा माणूस चारचौघांत बोडका दिसला, तर कोणाचे काय झाले, असे लोक दबक्या आवाजात विचारतात.

"मग लागली पैज. पटका डोक्यावर राहिला तर पेटीभर कंदी पेढे माझ्याकडून. न्हाई राहिला तर येताना माझ्या अंगणात टोपी घालून जेवायला बसायचं. आमची चिमी लय गुणाची हाय, बघाच तुमी."

मी पैज स्वीकारली.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत प्रथम कसोटी आली. वर्दीतील तरुणाने माझ्या मस्तकाकडे पाहून हातातले यंत्र उचलले. मी ताठ उभा राहिलो. यंत्र पटक्याभोवती फिरवून तो हळूच म्हणाला, "कुठलं आजोबा?"

"आष्टा."

"मी वडूजचा. जावा, झकास बांधलाय."

त्या तरुणाचे कल्याण होवो. तेथील चहा मात्र घेऊ नये. त्या दरात आमच्या वस्तीवर पंगत बसेल.

आता मुख्य भाग. विमान उडताना मुलांचे कान दुखतात. त्या वेळी तोंडात काहीतरी चघळायला द्यावे. आम्ही गुळाचा खडा दिला. आदित्य गप्प बसला व नंतर खिडकीतून ढग मोजू लागला. चिमीने गूळ खाल्ला, माझ्या धोतरास पुसला आणि रडण्यास प्रारंभ केला.

कारण सर्वांस ठाऊक होते. चिमी झोळीवाचून झोपत नाही. घरी तुळईला लुगड्याची झोळी बांधलेली असते. तीन झोके दिले की स्वारी घोरू लागते. तान्ह्या बाळांसाठी विमानात भिंतीला लावायचा पाळणा मिळतो. परंतु चिमी त्यात मावेना. सौभाग्यवतींची लुगडी मोठ्या बॅगांतून विमानाच्या पोटात गेलेली. "विमानात झोळी कशास बांधणार? हातात ओझे नको," असे सांगून ती तेथे ठेवविणारा मीच.

सूनबाईने खांद्यावर घेतले, मांडीवर घेतले, मधल्या वाटेने फिरवले. पुढच्या रांगेतील गृहस्थ मान वळवून पाहू लागले. रडून रडून चिमीला उचकी लागली, आणि मग सूनबाईच्याही डोळ्यांत पाणी आले. "बाबा, संजयला भेटेपर्यंत ही आजारी पडेल हो," ती म्हणाली.

सौभाग्यवतींनी माझ्या मस्तकाकडे पाहिले. मी खिडकीकडे पाहिले.

"आवं."

"नाही."

"अजून काय बोललेच न्हाई मी."

"जे बोलणार आहात त्यास नाही."

"बरं. पोरगीला सांगते, आजोबा पैज जिंकत्यात, तू रड."

मी उठलो. विमानाच्या मागील बाजूस, जेथे जेवणाची तबके ठेवतात, तेथे थोडी मोकळी जागा असते. तेथे मी पटका सोडला. दुहेरी करून एक टोक सौभाग्यवतींनी धरले, एक मी; मधे चिमी. आदित्यने झोका दिला. हवाईसुंदरी धावत आली व इंग्रजीत बरेच बोलली. सूनबाईने समजावले. हवाईसुंदरीने झोळीत डोकावून पाहिले. चिमी झोपली होती. पट्टे बांधण्याचा दिवा लागेपर्यंत हवाईसुंदरीने परवानगी दिली. पुढे तर माझा हात दुखू लागला तेव्हा टोक तिनेच धरले.

दिवा लागल्यावर चिमीला पटक्यासकट जागेवर आणले. तिने कापड मुठीत धरलेले. वाटेत विमान बदलले, तरी मूठ सुटली नाही. शेवटच्या टप्प्यात ओढून पाहिले, तिने एक डोळा उघडला. मी हात मागे घेतला.

मेलबर्न येथे खाण्याचे पदार्थ लपवू नयेत, स्पष्ट सांगावेत. आम्ही सांगितले, म्हणून सांगलीच्या हळकुंडांची तपासणी सुरू झाली. सौभाग्यवती व सूनबाई तेथे थांबल्या. मी चिमीला घेऊन, आदित्यचा हात धरून बाहेर पडलो.

संजय समोरच होता. हसत पुढे आला, माझे उघडे डोके पाहिले आणि जागीच थांबला. चेहरा पांढरा पडला. त्याने माझ्या मागे पाहिले. मागे कोणी नव्हते.

"बाबा... आई?"

"तुझी आई आत आहे," मी म्हणालो. "हळद कशी ओळखावी हे साहेबांस शिकवीत आहे. पटका तुझ्या मुलीच्या मुठीत आहे. घे तिला."

त्याने पटक्यासकट चिमीला घेतले. तिने त्याला पाहिले. फोनमधला हा मनुष्य एवढा मोठा कसा झाला, हे तिला उमगेना. ओठ थरथरले. मग तिने पटक्याचे टोक त्याच्या तोंडात कोंबले. ओळख पटली. संजय हसत होता की रडत होता, हे तोंडात कापड असल्यामुळे सांगता येत नाही.

दोन महिने राहिलो. तेथील रस्ते सरळ, दूध पातळ, माणसे सभ्य. निघण्याच्या दिवशी मी आरशासमोर उभा राहून पटक्यासाठी हात मागे केला. पटका आतल्या खोलीत झोळी होऊन लोंबत होता व आत चिमी होती. संजयने एक टोपी आणून दिली.

साताऱ्यात व्याह्यांनी दारातच टाळी वाजवली. "वा पाव्हणं! पैज पाळली!"

"पैजेचा संबंध नाही," मी म्हणालो. "पटका कामावर आहे."

सौभाग्यवतींनी त्यांना सारे सांगितले. फोनमधला झोळीचा फोटो व्याह्यांनी बराच वेळ पाहिला. मग आत गेले. मी टोपी घालून अंगणात जेवलो. निघताना गाडीत पेढ्यांची पेटी आढळली. मी ती परत केली नाही.

घरी कपाटात दुसरा पटका आहे. तो बांधूनच मी चौकात जातो. पण ज्या दिवशी परतलो त्या दिवशी टोपी पाहून लोक दचकले. एकाने दबकत विचारले, "दादा, पटका कुठं हाय?"

"मेलबर्नला," मी म्हणालो. "नोकरीस लागला आहे. नात झोळी सोडेल तेव्हा निवृत्त होईल."