माझ्या रडण्याची कॅसेट

लोक मला विचारतात, मास्तरांसारख्या कलावंताबरोबर संसार करताना कसं वाटलं? राग आला, असं मी सांगते. लोक हसतात. त्यांना वाटतं म्हातारी चेष्टा करतेय.

मास्तर म्हणजे माझे यजमान. लातुरातल्या एका बँडचे मालक तेच, आणि ट्रम्पेटवरही तेच. बँडच्या गाडीवर पिवळ्या अक्षरांत 'जाझ' असं लिहिलेलं होतं. सासरे तरुणपणी हैदराबादला हॉटेलात वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडं शिकले होते, तिथून तो जाझ आमच्या घरात शिरला. त्याचा अर्थ मास्तरांनी मला एकदाच सांगितला. आलेली चाल जशीच्या तशी वाजवायची नाही, आपल्या मनानं वळवायची. दुसऱ्याची वस्तू उचलायची आणि वळवून आपली म्हणायची, असा मी त्याचा अर्थ लावला. तोंडावर मी त्यांना अहो म्हणते. एकेरीतलं मनात ठेवते.

कॅसेटींचं त्यांना वेड होतं. नांदेडला एका कॅसेटवाल्याची दुसऱ्या मजल्यावर खोली होती, भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. आवाज भरताना पंखा बंद. ढोलवाला जिन्यात उभा आणि मास्तर पार कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून, कारण ट्रम्पेट माईककडं वळवलं तर बाकी कुणाचं काही ऐकूच येत नाही. घरात मात्र त्यांना भिंतीकडं तोंड करायला कुणी लावलं नाही. सकाळच्या एसटीनं जायचं, दोन्ही बाजू भरायच्या आणि संध्याकाळी परत. हळदीची कॅसेट, वरातीची, गणपतीची, जयंतीची, उरुसाची. एकदा तर नुसत्या घोडा नाचवायच्या चालींची. प्रत्येकीवर लाल कोट, सोनेरी फीत आणि मास्तरांचं तोंड. आमच्या कपाटात माझ्या साड्या कमी आणि त्यांची तोंडं जास्त होती.

वाजवायचे चांगलं. हे कबूल करताना माझा जीव जातो, पण चांगलंच वाजवायचे. उदगीरच्या मोंढ्यातले व्यापारी लग्नाची तारीख ठरवायच्या आधी मास्तर मोकळे आहेत का ते विचारून घ्यायचे.

मग भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती गेले होते, मास्तर मिरवणुकीत वाजवून दमून झोपले होते, आणि पहाटे जमीन हलली. लातुरात आमची भांडी पडली, भिंतीला चीर गेली, एवढंच. माझं माहेर औसा तालुक्यात, किल्लारीच्या अंगाला. तिथं दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद. माय त्याखाली गेली. भाऊ शेतात झोपला होता म्हणून वाचला. आम्ही पोचलो तोवर सगळ्यांना एकत्रच अग्नी दिला होता. मी मायचं तोंड पाहिलं नाही.

आमच्याकडं बाई नुसती रडत नाही. हेल काढून, गेलेल्या माणसाशी बोलत रडते. तेराव्याला पत्र्याच्या शेडात मावशी माझ्या गळ्यात पडली आणि इतके दिवस कोंडलेलं माझं रडणं सुटलं. "शेंगाची चटणी कुटून ठिवली व्हतीस गं माय, आता कुणाच्या हातून घिऊ..." असंच काहीबाही. शब्द आपोआप येतात. चाल मात्र मायची होती. ती तिच्या मायवर अशीच रडली होती. मी तेव्हा परकर नेसत होते, पण तिसऱ्या ओळीला तिचा सूर वर जायचा आणि दम तुटायचा ते मला पक्कं आठवत होतं. माझाही तिथंच तुटला. त्या घरातलं दुसरं काही माझ्या हाती लागलं नव्हतं. ना तिचं लुगडं, ना पितळी. तेवढी चाल राहिली होती.

पुरुषमाणसं समोर बसली होती. मध्येच मी डोळे उघडले तर मास्तर दिसले. मान खाली, डोळ्यांत पाणी, खोटं कशाला सांगू? पण त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर हलत होती. ट्रम्पेटला तीन कळा असतात. मी मायला हाका मारत होते आणि मास्तर माझं रडणं मांडीवर बसवून बघत होते.

त्या दिवशी मी मनाला समजावलं. सवय असेल, म्हटलं. सुताराची नजर दारावर जाते, तसं.

पुढच्या लग्नसराईच्या तोंडावर मी गोलाईच्या बाजारात बांगड्या भरायला गेले होते. कासारणीनं माझं मनगट धरलं होतं. पलीकडच्या दुकानात कॅसेट लागली आणि ट्रम्पेट सुरू झालं. पहिल्या ओळीला मला नुसतं गलबललं. दुसरीला कळलं. तिसरीला ट्रम्पेट वर गेलं आणि मधेच दम तुटला. जिथं माझा तुटला होता बरोबर तिथं, तेवढाच. मास्तरांनी माझा दमसुद्धा सोडला नव्हता. शेवटी मात्र त्यांनी एक मुरका घातला होता, आपल्या जाझचा. कासारणी म्हणाली, "लई गोड वाजवलंय बाई." मी अर्धा हात मोकळाच घेऊन उठले.

कॅसेटवर नाव होतं 'लेकीची पाठवणी'. खाली बारीक अक्षरांत, चाल आणि वादन, मास्तर.

घरी आल्या आल्या मी म्हटलं, "अहो, ती चाल वाजवू नका."

"कोणती?"

"तुम्हाला ठावं हाय कोणती."

मास्तर चहा पीत होते. कप खाली ठेवला नाही. "अगं, चाल कुणाच्या बापाची असती का?"

"बापाची न्हाई. माझ्या मायची हाय."

"मग चांगलंच की. तुझ्या मायची आठवण घरोघरी गेली. लोक रडायलेत ऐकून. आजवर माझ्या कुठल्याच कॅसेटीला लोक रडले न्हाईत."

हे शेवटचं ते अगदी आनंदानं म्हणाले. तेराव्याला मला घ्यायला म्हणून आलेला हा माणूस तिथून माल घेऊन परत गेला होता. आणि मी त्यालाच चहा करून दिला होता.

ती कॅसेट त्यांच्या सगळ्या कॅसेटींना मागं टाकून गेली. नवरी गाडीत बसली की तीच चाल. चाकुरात तीच, निलंग्यात तीच, पार हिमायतनगरच्या लग्नांत तीच. दुसरे बँडसुद्धा वाजवायला लागले. बँडमधले क्लॅरिनेटवाले चाचा तेवढे उदगीरहून घरी आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "भाभी, मेरे को मालूम नहीं था ये किधर का है. आइंदा मैं नहीं बजाऊँगा." त्यांनी शब्द पाळला. त्या चालीला ते क्लॅरिनेट काखेत धरून उभे राहायचे. मास्तरांनी मात्र एकदाही, गंमत म्हणूनसुद्धा, चुकलं असं म्हटलं नाही.

दोन वर्षांनी चाकूरची मावशी गेली. हीच मावशी माझ्या गळ्यात पडली होती. मी वेशीपासून रडत गेले, तिच्या पायांशी बसले आणि हेल काढला. दुसरा मला येत नव्हता. मागं बसलेल्या सुनांमध्ये कुजबुज झाली. एकीनं ऐकू येईल असं म्हटलं, "अगंबाई, हिनं तर बँडचीच चाल धरली." कुणीतरी पदर तोंडात कोंबून हसलं. माझं तोंड मिटलं ते मिटलंच. मावशीला मी मुक्यानं पोचवलं. त्यानंतर भावाची बायको गेली, सासू गेली, मी कुठंच रडले नाही. लोक म्हणाले, शहरात राहून बाई दगड झाली. मला मास्तरांचा संताप यायचा. तो माझ्या हातच्या भाकरीत उतरला असेल तर मला काही वाईट वाटत नाही.

पुढं लातुरात क्लासचं पेव फुटलं. गावोगावची पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला यायला लागली. गल्लीत प्रत्येकानं जिन्याखालची खोलीसुद्धा भाड्यानं दिली. बँडची वाद्यं ठेवायची खोली मीच रिकामी करून घेतली आणि तिथं चार पोरी ठेवल्या. जेवणही माझ्याकडंच. मास्तर तालमीला बसले की पोरी अभ्यासाला त्रास होतो म्हणून तक्रार करायच्या. मी ती तक्रार मोठ्या आवाजात पोचवायचे. मास्तर ट्रम्पेट घेऊन शेताकडं जायला लागले.

त्यातली हिमायतनगरची पोर हुशार होती. वह्या मोठ्यानं वाचून टेपात भरायची आणि जेवताना, केस विंचरताना ऐकत बसायची. एकदा म्हणाली, "काकू, कोऱ्या कॅसेटी संपल्या." मी कपाट उघडलं.

"काकू, याच्यावर तर वाजवलेलं हाय."

"असू दे. पुसतं का?"

"पुसतं की. पण हिची दातं मोडलीत."

कॅसेटच्या कडेला दोन चिमुकल्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की वर दुसरं काही भरता येत नाही. मास्तर घरी आलेल्या प्रत्येक कॅसेटची ती दातं स्वतः मोडायचे. तिथं कागदाचा बोळा कोंबून चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं, हे मला त्या पोरीनं शिकवलं. मग बोळे करून द्यायचं काम मीच घेतलं. दुपारी भाजी निवडून झाली की बोळे. पहिल्यांदा घोड्याच्या चाली गेल्या. मग वराती, हळदी, गणपती. 'लेकीची पाठवणी' मी माझ्या हातानं तिला दिली आणि दोन्ही बाजू भर म्हणून बजावलं. तोवर नांदेडचा कॅसेटवालाही दुकान आवरून बसला होता. त्यानं मूळ कॅसेटी एका खोक्यात घालून मास्तरांना पाठवल्या होत्या. ते खोकंही मी पुढच्या सालच्या पोरींना दिलं. पोरी अभ्यास संपवून गेल्या की कॅसेटी मी परत जिथल्या तिथं ठेवून द्यायचे. इतकं समाधान मला कुठल्या देवळात मिळालं नाही. ती हिमायतनगरची पोर आता नांदेडला डॉक्टर आहे. मास्तरांच्या कॅसेटींचं खरं सार्थक झालं असेल तर ते एवढंच.

पुढं डीजे आले. नवरीला निरोप द्यायलासुद्धा भिंतीएवढे खोके लागायला लागले. बँड मोडला, बाजारातल्या कॅसेटीही कधीच्या गेल्या. मास्तरांचे पुढचे दात पडले, कवळी आली, आणि कवळीवर ट्रम्पेट वाजत नाही. एक दिवस भाचा म्हणाला, मामा, तुमच्या कॅसेटी मोबाइलमध्ये भरून देतो. मास्तर पोरासारखे उठले. कॅसेटींचं खोकं काढलं, जुना टेप पुसला, 'लेकीची पाठवणी' घातली, भाच्याला म्हणाले, "आता बघ."

एक पोरगी घडाघडा बोलायला लागली. "लेफ्ट व्हेंट्रिकल पंप्स ब्लड इन्टू द एओर्टा..."

मास्तरांनी दुसरी बाजू लावली. मग दुसरी कॅसेट. बेंझिन. तिसरी. बेडकाचं पोट. भाचा हसू दाबत होता. मी ताटात तांदूळ निवडत होते. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं.

"मीच दिल्या," मी म्हटलं. "सगळ्या दिल्या."

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. कितीतरी वर्षांची उत्तरं मी तयार ठेवली होती. भाचा गेल्यावर त्यांनी ट्रम्पेट काढलं, कवळी वाटीत ठेवली आणि ओठ लावले. वारा कडेनं निसटत होता. तरी पहिली ओळ आली. दुसरी तुटक तुटक आली. तिसरीला अडले. पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा तिथंच अडले. चार-पाचदा झालं. मग ट्रम्पेट मांडीवर ठेवून, बोळक्या तोंडानं, अगदी गरिबासारखे म्हणाले, "पुढं कसं होतं गं?"

या दिवसासाठी मी जगले होते असं म्हटलं तरी चालेल. मी मनात मायची चाल धरली. मनातल्या मनात वर गेले, दम तुटला, आणि पुढं मुरका आला. मास्तरांचा मुरका. मी तो बाजूला सारून परत धरली. पुन्हा मुरका. चटणीचे शब्द आठवत होते, शेडावरचा पत्रा आठवत होता, मावशीच्या अंगाचा वास आठवत होता. पण कानात आवाज येत होता तो सगळा पितळेचा. माझा नव्हता. मायचा तर नव्हताच. आणि तो पितळेचा आवाज धरून तिच्यापर्यंत परत जावं, तर तो पुसून टाकायला बोळे मीच करून दिले होते.

मास्तर माझ्या तोंडाकडं बघत होते.

"येतं मला," मी म्हटलं. "पण तुम्हाला देणार न्हाई."

त्यांनी मान हलवली. कवळी तोंडात बसवली, ट्रम्पेट पुसून पेटीत ठेवलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "तुझ्याजवळ तरी राहिलंय."