चुकलं म्हणायला आलेला माणूस

समोरच्या कुलकर्णीबाईंच्या दाराशी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गोखलेकाका बराच वेळ नुसतेच उभे होते. बेलपर्यंत गेलेला हात दोनदा मागे आला.

महिन्यापूर्वी जिन्यातल्या सैल फरशीवरून बाई पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. त्यांच्या परगावच्या मुलाने वकिलाची नोटीस धाडली, तीही थेट काकांच्या नावे. काका निवृत्त शिक्षक, सोसायटीचं काम बिनपगारी करणारे. सोसायटीच्या वकिलांनी त्यांना बजावलं होतं, "बाईंशी बोलू नका. नुसतं 'चुकलं' म्हणालात तरी अंगाशी येईल."

शेवटी बेल वाजली. बाईंनी डाव्या हाताने दार उघडलं.

"फरशी हलतेय हे मला ठाऊक होतं," काका म्हणाले. "उद्या बघू, उद्या बघू करत राहिलो. चुकलं माझं."

जबाबदारीतून अंग कसं काढावं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती स्वतःहून घेणाऱ्याचा आवाज इतका कापरा असतो, हे मला तेव्हा कळलं.

बाई दारातून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "आत या. चहा मात्र तुम्हालाच करावा लागेल."

संध्याकाळी बाईंचं मुलाशी फोनवरचं बोलणं माझ्या कानावर आलं. "अरे, ती नोटीस मागे घे. ते स्वतः येऊन गेले."