अमावस्येनंतरचं अपडेट

आमच्या कंपनीत कोड लिहिला जायचा नांदेडला आणि निस्तरला जायचा लातूरला. नांदेडच्या ऑफिसात प्रोग्रामर, लातूरला आम्ही ऑपरेशन्सवाले. सॉफ्टवेअर कोचिंग क्लासचं. हजेरी, टेस्टचे मार्क, पालकांना मेसेज. नांदेडवाले नवीन काहीतरी बनवून आमच्या अंगावर ढकलायचे, आणि ते बंद पडलं की क्लासवाल्यांच्या शिव्या आम्ही खायच्या. फोन लावला की पलीकडून ठरलेलं उत्तर, आमच्याकडं तर चालून राहिलंय. अरे बाबा, तुमच्याकडं चालून काय करायचंय? लातूरची पोरं मार्क बघायला नांदेडला येणार आहेत का?

त्यात आमच्या मालकांचा एक नेम. औशाकडचं शेतकरी घर, अमावस्येला नवं काम काढायचं नाही. मला त्यात काही वावगं वाटत नाही, आमच्याही घरात शंभर गोष्टी पाळतात. पण अमावस्येला थांबवलेलं अपडेट दुसऱ्या दिवशी पाडव्याला जायचं, आणि एक रात्र उलटली की रंग दाखवायचं. आता पाडव्याच्या संध्याकाळी बहुतेक चाँद दिसतो, आणि रमजान संपत असेल तर रात्र उलटली की ईद. हे गणित कंपनीत दुसऱ्या कुणाला सुचायचं कारणच नव्हतं. नोकरीला लागल्यापासून माझी प्रत्येक ईद लॅपटॉपपुढं गेली. अब्बा गेल्यापासून घरात अम्मी आणि मी दोघंच. म्हणजे ईदच्या दिवशी ती एकटीच जेवायची. मला याचा लई राग यायचा, आणि तो काढायला समोर कुणी नसायचं.

यंदा मालक पुण्याहून कसलीशी परिषद ऐकून आले आणि त्यांनी जाहीर केलं, आजपासून दोन टीम नाहीत, एकच. भावाभावांनी मधला बांध मोडावा तसं. ज्यानं कोड लिहिला त्यानंच तो सांभाळायचा, बिघाडाचा फोन पाळीपाळीनं सगळ्यांकडं. टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात माझ्या. नांदेडच्या टीमच्या मॅडमनी तिथंच सांगून टाकलं की ईदला फोन त्यांच्याकडं, मी निवांत राहायचं. घरी येऊन अम्मीला म्हणालो, यंदा सोबत जेवू. तिनं खारीक-बदाम नेहमीपेक्षा जास्त भिजत घातले.

पाडव्याला अपडेट गेलं. संध्याकाळी चाँद दिसला. सकाळी मी ईदगाहला जाऊन आलो, नवीन कुर्त्यात दोन मित्रांच्या गळ्यात पडलो. अम्मीनं दस्तरखान अंथरला, आम्ही बसतच होतो आणि दारात गाडी थांबली.

गाडीतून अख्खं नांदेड उतरलं. मॅडम, त्यांचे सगळे प्रोग्रामर, हातात मिठाईचे डबे. आता टीम एकच, मग ईदही एकत्रच, असं त्यांचं म्हणणं. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. अम्मीनं वाट्या भरल्या. तेवढ्यात मॅडमच्या पर्समधला फोन वाजला. क्लासवाले होते, मार्क दिसेनात. मॅडमनी प्रोग्रामरांकडं बघितलं, प्रोग्रामरांनी एकमेकांकडं. लॅपटॉप एकानंही आणला नव्हता. सणाच्या घरी लॅपटॉप घेऊन जाणं बरं दिसत नाही, म्हणे.

मग काय, माझाच निघाला. मॅडम शेजारी येऊन बसल्या. कुठल्या ओळीत घोळ आहे ते त्या बोटानं दाखवायच्या, मी टाइप करायचो. कोड लिहिणारे आणि सांभाळणारे एका स्क्रीनपुढं बसलेत, असा फोटो कुणीतरी मालकांना पाठवला. मालक खूश झाले, बांध मोडला म्हणाले. बाकीच्यांनी दोन-दोन वाट्या शीरखुर्मा खाल्ला आणि अम्मीच्या हाताला चव असल्याचं सांगितलं. मार्क दिसायला लागले तेव्हा दुपार कलली होती. अम्मी वाढता वाढता स्वयंपाकघरात उभ्यानंच चार घास खाऊन मोकळी झाली होती.

निघताना मॅडमनी अम्मीचे हात हातात घेतले आणि पुढच्या ईदला नक्की येतो म्हणाल्या. अम्मी हसून हो हो म्हणाली. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. अम्मी माझ्याकडं न बघता रिकाम्या वाट्या गोळा करायला लागली.

"पुढच्या साली त्यांना म्हणावं, नांदेडलाच राहा. डबा मी एसटीनं पाठवते."