खापऱ्याचा पाला

"पान मागाहून बघा, टीचर. आधी जागा बघा," असं म्हणत शेजारच्या मावशी पदर खोचायच्या आणि वाकायच्या. पण हात लगेच घालायच्या नाहीत. गटार किती लांब आहे, कुणी औषध मारलंय का, शेजारी घाणेरी किंवा धोतरा उगवलाय का, हे सगळं बघून झालं की मग एकेक देठ मोडून वास घ्यायचा आणि पाटीत टाकायचा.

पाटी भरायची ती माझ्या कासवासाठी. खरं तर माझ्या मुलीच्या. पुण्याला नोकरीवर जाताना ती खापऱ्याला माझ्या अंगणात ठेवून गेली. आफ्रिकेकडच्या जातीचं, रीतसर नोंदणी केलेलं, परातीएवढं कासव. मी त्याला बाजारातला पालक आणि काकडी घालत होते. भिंतीपलीकडून या मावशींनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून येताना त्या आपल्या वाडीतली पाटीभर हरळी, पाथरी आणि जास्वंदीची पानं घेऊन आल्या. खापऱ्यानं पालकाकडे पाठ फिरवली ती कायमची.

आमच्या भुईगावात अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. सत्तरी गाठली तरी वाडीतलं तण स्वतःच्या हातानं काढणाऱ्या. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. पानांच्या कडा, शिरा, फुलांचे भाग मी फळ्यावर झोपेतसुद्धा काढीन. मावशी चौथी शिकलेल्या. पण एकाच बांधावरची सारखी दिसणारी दोन रोपं त्या वेगळी करायच्या. "हे त्याचं, हे नाही त्याचं." का नाही, असं विचारलं तर म्हणायच्या, "चीक बघा ना. डोळ्याला लागला तर दोन दिवस रडाल." मग मी आत जाऊन पुस्तक उघडायचे, आणि त्यांचं बरोबर निघायचं. चुकलेलं निघावं म्हणूनच मी पुस्तक उघडत होते, हे आता सांगायला हरकत नाही.

माझ्याशी त्या शाळेतलं मराठी बोलायच्या. खापऱ्याशी मात्र घरच्या बोलीत. दोघांचं भिंतीशी बसून दहा-दहा मिनिटं चालायचं आणि मला त्यातले निम्मे शब्द कळायचे नाहीत. त्यांच्या चपला वाजल्या की तो मान लांब करून निघायचा. मी हाक मारली की मान आत. मुलगी व्हिडिओ कॉल करायची तेव्हा म्हणायची, "आई, फोन मावशींकडे दे ना. आज त्यानं काय खाल्लं ते त्यांनाच माहीत असतं." मी फोन द्यायचे आणि उगाच भांडी घासायला लागायचे.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, गणपती होऊन गेल्यावर, मुलगी दोन दिवसांसाठी येणार होती. तिच्यासमोर खापऱ्यानं माझ्या हातचं खावं, एवढंच माझ्या मनात होतं. ती यायच्या आदल्या दिवशी मावशींची वाट न बघता मी पिशवी घेऊन बाहेर पडले. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला नव्या प्लॉटच्या कुंपणाशी केना माजला होता. कोवळा, निळ्या फुलांचा. केना मला शंभरात ओळखता येतो, आणि मी तो बरोबरच ओळखला होता. पिशवी भरली. खापऱ्यानं माझ्या हातून सगळा केना खाल्ला आणि मी अंगणात एकटीच हसत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या तोंडाला लाळ होती. डोळे मिटलेले, पाय सैल. मावशी पाटी घेऊन आल्या आणि त्यांनी मला एकच विचारलं, "कुठून काढलंत?" मी सांगितलं. त्या चालत तिथं जाऊन आल्या. "वॉचमननं परवा तणाचं औषध मारलंय. आता शेंडे पिवळे पडायला लागलेत." त्यांनी खापऱ्याला टोपलीत ठेवलं आणि माझ्याबरोबर रिक्षात बसल्या.

कासवांचं कळणारी डॉक्टर बोरिवलीला होती. मुलगी पुण्याहून थेट तिथंच पोचली. आत शिरताच तिनं विचारलं, "काय खाल्लं त्यानं?" मी टोपलीकडे वाकले. मावशी म्हणाल्या, "केना. फवारलेला होता. मी आणला. माझी चूक झाली, बाय."

मुलीनं त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर माझ्या वाट्याची होती. ती त्यांनी घेतली आणि मी घेऊ दिली. त्या क्षणीसुद्धा मला त्यांचा हेवाच वाटला. इतकं सहज कुणासाठी खोटं बोलणं मला कधी जमलं नव्हतं.

सलाईन झालं, इंजेक्शनं झाली. कोमट पाण्यात रोज बसवायचं ठरलं. निघताना मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "यापुढे त्यांच्याकडून पाला घेऊ नकोस." मी बरं म्हटलं.

मावशी यायच्या थांबल्या. अंगण, कासव, मुलीचे फोन, सगळं माझं झालं. नवव्या दिवशी खापऱ्यानं डोळे नीट उघडले, पण मी पुढे केलेल्या पानाला तोंड लावलं नाही. अकराव्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मावशी, चूक माझी होती."

त्या तांदूळ निवडत होत्या. "मला काय सांगता? मला ठाऊकच आहे. पोरीला सांगितलंत?"

"नाही."

"मग तिला सांगा."

मी तिथंच ओट्यावर बसून फोन लावला आणि सांगितलं. मुलगी म्हणाली, "फोन मावशींना दे." दोघी अर्धा तास बोलल्या. मध्येच हसल्यासुद्धा. मी तांदूळ निवडत बसले आणि खोटं कशाला बोलू, पुन्हा जळले. पण दुसऱ्या दिवशी पाटी आली आणि खापऱ्या जेवला.

नाताळानंतर मावशी गेल्या. दोन दिवस छातीत दुखतंय म्हणत होत्या, तेवढंच. मुलगी पुण्याहून आली आणि त्यांच्या सुनेच्या गळ्यात पडून रडली. चर्चमध्ये मी मागच्या बाकावर होते.

आता सून मला वाडीचं फाटक उघडून देते. मी गुडघे धरत खाली बसते आणि ओळीओळीनं पुढे सरकते. एखाद्या देठापाशी शंका आली की तो सोडून देते. त्यांची पाटी जेवढ्या वेळात भरायची, तेवढ्यात माझी निम्मीही होत नाही. आज सकाळी एक तास लागला. मग घरी येऊन पाटी खापऱ्यापुढे ठेवली आणि हाक न मारता जरा लांब जाऊन बसले.