सड्यावर मोजलेला सूर्य

परवा हातखंब्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगच्या तापलेल्या राळेचा वास आला आणि मी थेट ऐंशीच्या दशकातल्या आमच्या सड्यावर, घरामागच्या उघड्या कातळमाळावर पोचले.

तेव्हा मी रत्नागिरीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. ताऱ्याचा आकार मोजणारं यंत्र मी दोन वर्षं खपून घरीच सोल्डरिंग करून जोडलं होतं. दोन अँटेनांचे संकेत एकमेकांशी किती जुळतात, ते त्याचा काटा दाखवायचा. अँटेना एकमेकींपासून लांब नेताना जुळणी जितक्या लवकर घटेल, तितका तारा रुंद. माझा तारा म्हणजे डोक्यावरचा सूर्य.

कातळ तापला होता. बागेतलं काम सोडून आलेले बाबा एक अँटेना उचलून हळूहळू लांब निघाले.

"बाबा, काटा उतरतोय," मी ओरडले.

"यंत्र बिघडलं नसेल कशावरून? थांब, परत जवळ आणतो."

ते घामाघूम होत मागे आले, तसा काटा वर चढत गेला. बाबा त्याच्याकडे बघतच राहिले.

"म्हणजे खरंच मोजलंस गो, मंदी."

संध्याकाळी पालीच्या बाजारात ते भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या मंदीन आज सूर्य मोजलान."

अँटेना घेऊन उन्हात कोण चाललं, हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. तेव्हा माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं.