साहेब ‘या’ म्हणाले

शेंडेफळ म्हणून घरात तिला सगळे शेंडी म्हणत. कॉलेजचं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि तिची नोकरीसाठी वणवणही. एका ठिकाणी दिवसभर बाकावर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी शिपाई म्हणाला, “अहो, ती जागा कधीच भरली.” दुसरीकडे साहेबांनी दात कोरत विचारलं, “लग्न कधी करणार? उगाच आम्ही शिकवायचं आणि तुम्ही पळायचं.” बाकीचे सगळे “कळवतो” म्हणाले. कळवलं कोणीच नाही.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यामुळे डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर मुलगी हवी आहे असं कानावर आलं, तेव्हा शेंडीने मनातल्या मनात देवाला हात जोडले. तिथे नोकरांच्या घरच्यांचं ऑपरेशन फुकट होतं म्हणे.

मॅनेजर फोनवर कुणाशी तरी गाडीच्या रंगाबद्दल बोलत होता. बोलता बोलता त्याने तिची फाइल उघडली आणि त्या फाइलवरच चहाचा कप ठेवला.

“कॉम्प्युटर येतो?”

“हो सर.”

“हं.” आणि पुन्हा गाडीचा रंग.

बराच वेळ वाट पाहून ती उठली. घरातून निघताना काय, कुणाकडून निघताना काय, ‘जाते’ असं अभद्र बोलायचं नाही, ही आईची शिकवण. “येते मी, सर.”

“या,” फोनवरचं लक्ष न काढता तो म्हणाला.

जिना उतरता उतरता तिला तो शब्द उमगला. कळवतो नाही, बघू नाही. या!

घरी दादाने टोकलंच, “शेंडीला कुणी शेंडी तर लावली नाही ना? कागद कुठाय?”

“साहेब स्वतः ‘या’ म्हणाले. कागद कशाला?”

आईचा चेहरा उजळला. कॉलेज सांभाळून शेंडी खेळण्यांच्या दुकानात काम करायची, तेही तिने त्याच संध्याकाळी सोडलं. “परत आलीस तर जागा नाही हां,” शेठ म्हणाले. ती हसली.

सकाळी ती काउंटरपाशी उभी राहिली. आधीची मुलगी भांडून गेलेली, पेशंट एकमेकांच्या अंगावर पडत होते. मॅनेजरने तिच्याकडे पाहिलं, क्षणभर आठवायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, “बसा बसा, नंबर पुकारा.” ती बसली. नावं लिहिली, म्हाताऱ्यांना हाताला धरून आत नेलं, झाडूवाली आली नाही त्या दिवशी फरशीही पुसली.

महिना भरला. सगळ्यांचे पगार झाले, तिचा नाही. तिने मॅनेजरला काउंटरपाशीच भीत भीत विचारलं.

“पगार? तुम्हाला घेतलं कोणी?”

“सर, तुम्हीच म्हणालात ना... मी ‘येते’ म्हटलं, तुम्ही ‘या’ म्हणालात.”

 तो असा हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “मॅडम, ओ मॅडम! बाहेर या, ऐका ही गंमत!”

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनाही हसू आवरेना. “अगं वेडे, कोणी निघालं की ‘या’ म्हणतातच! म्हणजे काय नेमणूक झाली?”

“बरं झालं निरोप देताना ‘सुखी राहा’ नाही म्हणालो,” मॅनेजर म्हणाला, “नाहीतर आयुष्यभर पोसावं लागलं असतं!”

कंपाउंडर हसला. बाकावरचे पेशंट हसले.

“उद्या माझी भाची येत्येय या जागेवर,” बाई म्हणाल्या. “तिला जरा दाखवून दे सगळं. फुकटात शिकायला मिळालं, तेवढं तरी फेड.”

शेंडी मान खाली घालून वळली, तर बाकाच्या टोकाला आई. लेकीच्या नोकरीच्या भरवशावर डोळे दाखवायला शेजारणीचा हात धरून, न सांगता आलेली. शेजारीण जमिनीकडे बघत होती. आईला चेहरे दिसत नव्हते आणि बोलणं गलक्यात नीट कळलं नव्हतं. सगळे हसताहेत म्हणून तीही तोंडाला पदर लावून हसत होती.

“शेंडे,” ती कौतुकाने म्हणाली, “साहेब भारी खूश दिसतात गं तुझ्यावर.”