मालवणच्या पडावात लेकरं उतरवताना

मुंबईहून गोव्याकडं आता म्हणे मोठमोठ्या क्रूझ जातात. परवा नातीनं फोनवर विचारलं, आजोबा, एवढं लहान पोर घेऊन जावं का? तिला उत्तर द्यायला बसलो आणि साठ वर्षांपूर्वीची आमची बोटच डोळ्यांपुढं येऊन उभी राहिली. म्हटलं, एकटीलाच कशाला, ज्यांना पोरं घेऊन पाण्यावर जायचंय त्या सगळ्यांसाठीच लिहावं.

मी तेव्हा अमरावतीच्या शाळेत मराठी शिकवायचो. समुद्राची कविता आली की फळ्यावर खडूनं लाटा काढायचो आणि सूर लावून म्हणायचो. स्वतः पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे पुरातली पूर्णा. माझा एक मित्र, दत्ता, मालवणला मास्तर होता. दिवाळीच्या सुटीत सहकुटुंब या, हा त्याचा दरवर्षीचा आग्रह. त्या वर्षी मी बायकोला म्हटलं, जाऊ या.

माझी बायको शालू अकोटकडची. ती नाही म्हणाली नाही, पण दोन दिवस ट्रंकेला हातही लावला नाही. कारण मला ठाऊक होतं. लहानपणी मामाच्या गावाहून येताना त्यांची बैलबंडी नाल्याच्या पुरात अडकली होती. काठावरून कुणीतरी हात पुढं केले, तिच्या आईनं तान्ह्या भावाला त्या हातांकडं दिलं, आणि या हातांतून त्या हातांत जाता जाता लेकरू पाण्यात गेलं. शालूनं ते पाहिलं होतं. शेवटी ती म्हणाली, "चाला. पन लेकराईले माह्या हातातून कोनी घ्याचं नाई." मी कबूल केलं.

कुसुम सहा वर्षांची, बाळू तीनचा. बडनेऱ्याहून गाडीनं मुंबई, तिथून घोडागाडीनं भाऊचा धक्का. डेकचं तिकीट मास्तराच्या खिशाला झेपणारं होतं. डेकवर बाक वगैरे काही नाही. ज्याची सतरंजी आधी पडेल त्याची जागा. म्हणून लवकर पोचावं, आणि बोटीच्या मधोमध बसावं, तिथं हेलकावे कमी. आम्ही नवखे, अगदी पुढं टोकाला जाऊन बसलो. तिथून समुद्र छान दिसतो, असं मीच म्हणालो होतो.

बोट हलली तशी शालूनं जुन्या लुगड्याची पट्टी काढली आणि दोन्ही पोरं कमरेशी बांधून तिचं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं. बंडीत झोपलेलं पोर घरंगळू नये म्हणून आमच्याकडं असंच बांधतात. शेजारी देवगडच्या एक म्हाताऱ्या आजी होत्या. त्यांना हसूच आवरेना. "गे बाय, वासरां काय ती? सोड मगे, खेळांदेत," त्या म्हणाल्या. शालूनं त्यांना एक संत्रं दिलं आणि गाठ जरा आणखी आवळली.

बोट लागली ती पोरांना नाही, मला. किनारा दिसेनासा झाला तसा मी बादलीत तोंड घालून बसलो. वर आभाळ, खाली निळं पाणी, इतक्या वर्षांत पाठ केलेलं सगळं समोर, आणि मला मान वर करवेना. शालू दशमीला ठेचा लावून पोरांना भरवत होती. म्हणाली, "आता म्हना नं कविता." आजी पदरात तोंड लपवून हसल्या. मला शेवटी संत्र्याच्या सालीनं तारलं. साल नाकाशी धरून पडून राहायचं. दिवाळीच्या सुमारास उतरणारी आंबिया बहाराची संत्री आमच्याकडून नेली होती, तेवढं एकच शहाणपण.

उजाडताना मालवण आलं. आणि तिथं कळलं की बोट धक्क्याला लागतच नाही. ती खोल पाण्यात उभी राहते, किनाऱ्यावरून पडाव येतात, आणि माणसांनी शिडीवरून त्या डुलणाऱ्या होडीत उतरायचं. पोरांना खलाशी हातोहात देतात. हे दत्तानं कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काय होतं?

ट्रंक घेऊन मी आधी उतरलो होतो. वर पाहिलं तर शालू शिडीच्या तोंडाशी, दोन्ही पोरं पोटाशी धरून. शिडीवरचा खलाशी हात पसरून उभा. पडाव एकदा वर यायचा, एकदा पुरुषभर खाली जायचा. खलाशी म्हणाला, पोरगी द्या. शालू म्हणाली, आम्ही तिघं बांधलेलेच उतरतो. तो म्हणाला, एकाचा पाय चुकला तर तिघं जाल. मागची माणसं कुरकुरायला लागली. बोटीचा भोंगा झाला. उतरली नसती तर ती आणि पोरं तशीच पुढं पणजीला गेली असती. मी खालून हात वर करून उभा होतो, पण माझे हात तिच्यापर्यंत पोचत नव्हते. मधे त्या माणसाचेच हात होते.

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग विचारलं, "दादा, नाव काय तुमचं?"

तो गोंधळला. "गणपत."

"गणपतभाऊ, लाट पाहून घेजा."

"बघतंय गे. तेच्यासाठीच उभो आसंय."

तिनं गाठ सोडली. आधी कुसुम दिली. गणपतनं तिला काखेत धरलं, पण लगेच सोडलं नाही. एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, पडाव वर आला तेव्हा अलगद माझ्या हातांत ठेवली. मग बाळू. मग शालू स्वतः. पडावात बसल्यावर तिनं आधी दोन्ही पोरांना जवळ ओढलं. नंतर म्हणाली, "काठावरच्या त्या मानसाचं नाव कोनालेच मालूम नोतं."

मालवणात आठ दिवस राहिलो. सोलकढी पोरांना फार आवडली. दत्ताच्या घरी माडाखाली बसून मी मनसोक्त कविता म्हटल्या, जमीन हलत नव्हती ना. शालू रोज संध्याकाळी वाळूवर बसायची, पाणी पावलांपर्यंत येऊ द्यायची. परतताना गणपत दिसला नाही. शिडीवर दुसराच होता. तिनं त्याचंही नाव विचारून घेतलं, मगच पोरं दिली.

तेव्हा नातीला माझं उत्तर, जरूर ने. पोट अर्धं ठेव, संत्रं जवळ ठेव, आणि पोर ज्याच्या हाती देशील त्याचं नाव विचारून घे.

समुद्र आमच्या घरात किती उरला, हे मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं. नांदगाव खंडेश्वरला बहिणीच्या शेतावर गेलो होतो. मेहुणे विहिरीत गावातल्या पोरांना पोहायला शिकवत होते, पाठीला वाळका भोपळा बांधून. कुसुमनं आईकडं पाहिलं. मी म्हटलं, आता ओरडा बसणार.

शालू म्हणाली, "जाय."

आणि विहिरीकडं पाठ करून उभी राहिली. धप्प आवाज आला. ती वळली नाही. खालून कुसुमचं हसू ऐकू येईपर्यंत तिनं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.